खर्रूबाची तहान

पोर्ट सईदमध्ये जहाजं गल्लीच्या टोकाशी येऊन डोकावतात. बाई गच्चीवर धुणं वाळत घालत असते, चादरीचं टोक सरळ करते, आणि चादरीच्या वरून एक अख्खं जहाज चाललेलं असतं. गुपचूप, पाय न वाजवता, जणू शेजारची इमारत बिऱ्हाड बदलायला निघालीय. अशा गावात माणसाचा कशावरही विश्वास बसतो. बंबूती लबीबला मेल्यावरही तहान लागते आणि ती त्याची कुत्री भागवते, यावर अख्ख्या गल्लीचा विश्वास बसला, त्यात नवल ते काय!

बंबूती म्हणजे होडीतला फेरीवाला. मोठ्या जहाजाच्या पोटाला जाऊन चिकटायचं, दोर वर फेकायचा, आणि खलाशांना चामड्याचे उंट, खजूर, कालच घडवलेले प्राचीन पुतळे विकायचे. लबीब या कामात असा पटाईत की एकदा त्यानं एका कप्तानाला त्याचीच टोपी विकली, आणि कप्तान वर आभार मानून गेला. समुद्रातले मासे त्याला ओळखायचे, त्याची होडी आली की बाजूला सरकायचे. त्यानंच एकदा कुठल्याशा जहाजाच्या आचाऱ्याला चामड्याची उशी देऊन बदल्यात एक पिल्लू घरी आणलं. अंग लांबच लांब, पाय जेमतेम चार बोटं उंच, कान जमीन पुसणारे, आणि रंग खर्रूबाच्या वाळक्या शेंगेसारखा तपकिरी. म्हणून नावही तेच पडलं, खर्रूबा.

त्याची बायको दमियाना कमरेवर हात ठेवून दारात उभी राहिली.

"हे काय आणलंस?"

"कुत्री."

"आणि तिची उंची? वाटेत विकलीस?"

"अगं, लांबीवर घेतलीय. वार मोजून."

दमियाना हसली, आणि तिथंच हरली. पुढं बरीच वर्षं ती कुत्री त्या दोघांच्या मध्ये झोपली, उभी नाही, आडवी. मुलगा बोत्रोस जर्मनीला गेला तेव्हा रिकामी झालेली सगळी जागा तिनं एकटीनं भरून काढली.

मग लबीबचं हृदय थकलं. पाय सुजले, छातीत पाणी भरलं, आणि इस्पितळातल्या डॉक्टरांनी सांगितलं, याला पाणी द्यायचं नाही, ओठ ओले करण्यापुरतं. जन्मभर पाण्यावर जगलेला माणूस खाटेवर पडून पाणी मागायला लागला. "दमियाना, एक पेला. अर्धा दे. त्यातला अर्धा तू पी हवं तर." मरतानाही घासाघीस. दमियाना कापसाचा बोळा भिजवायची आणि त्याच्या ओठांवरून फिरवायची. "डॉक्टर नको म्हणतात रे," म्हणायची. खिडकीतून जहाजांचा कालवा दिसत होता, भरलेला, काठोकाठ. एका दुपारी लबीब गेला. ओठ कोरडेच होते.

तेवढं एक तिच्या घशात काट्यासारखं अडकून बसलं.

चर्चमध्ये चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना झाली, आणि दमियानानं दारात लबीबच्या नावानं रांजण मांडला. तिथं रीतच आहे ती. माणूस गेला की त्याच्या नावानं रस्त्यावर पाणी ठेवायचं, येणाराजाणारा प्यायला की गारवा तिकडे पोचतो. मुसलमान ठेवतात, ख्रिस्ती ठेवतात. मेलेल्यांच्या तहानेत फरक करायला अजून कुणी शिकलेलं नाही. लाकडी घडवंचीवर लाल मातीचा रांजण, त्यावर झाकण, झाकणावर साखळीनं बांधलेला पत्र्याचा पेला, आणि रांजणाच्या बुडातून ठिबकणारं पाणी झेलायला खाली एक परात.

पण हल्लीची माणसं! एकाच्या हातात बाटली, दुसऱ्याच्या हातात थंडगार उसाचा रस. मातीच्या रांजणाकडे कोण बघतो? दमियाना खिडकीत बसून वाट बघायची. कुणी पेला उचलेना. संध्याकाळी झाकण काढून बघावं तर पाणी जिथल्या तिथं, आणि त्यात तिचंच तोंड.

त्याच दिवसांत तिच्या हातांना खाज सुटली. मनगटापासून कोपरापर्यंत चामडी लाल व्हायची, सोलून निघायची. कोपऱ्यावरच्या औषधवाल्यानं एक नळी काढून दिली. "हे लाव, उम्म बोत्रोस," तिकडे आईला मुलाच्या नावानं हाक मारतात, "खाज म्हणजे काय ते विसरून जाशील." खरंच गुण आला. नळी संपली की दुसरी यायची. सकाळ-संध्याकाळ ती खिडकीत बसून दोन्ही हातांना मलम चोपडायची, आणि खर्रूबा मांडीवर चढून ते हात हळूहळू, मन लावून चाटत बसायची. दमियानाला वाटायचं, मुकं जनावर माझं दुःख चाटून काढतंय. बरं वाटायचं. ती हात आणखी पुढे करायची.

मग एक दिवस ऊन तिरपं झालं असताना खर्रूबा जिना उतरली, परातीपाशी गेली, आणि प्यायला लागली.

प्यायली. थांबली. पुन्हा प्यायली. परात कोरडी झाली तरी तिची जीभ पत्र्यावर लपलप वाजत राहिली. मग तिनं मान वर केली आणि खिडकीकडे पाहिलं, अगदी तसंच, डोळे बारीक करून, भुवया चढवून. अर्धा दे, म्हणत असल्यासारखं.

दमियाना धावत खाली गेली, रांजणातून पेलाभर पाणी काढलं, परातीत ओतलं.

"पी रे बाबा," ती कुजबुजली. "पी."

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून पडल्यावर तिला स्वप्न पडलं. गल्लीत पाणी भरलं होतं, खिडकीच्या कठड्यापर्यंत, निळं, हलकं, आरपार दिसणारं. त्यावरून लबीबची होडी आली. वल्ही नव्हती, होडीला कुठं जायचं ते ठाऊक होतं. होडीत चामड्याचे उंट खाली माना घालून चरत होते. लबीब वाकला, ओंजळी भरभरून प्यायला, त्याच्या गळ्याचं हाड खाली-वर होताना दिसलं. मग तोंड पुसून म्हणाला, "अजून." नुसतं "अजून." आणि होडी पुढे गेली, कापडाच्या दुकानावरून उजवीकडे वळली.

जाग आली तेव्हा दमियानाचा घसा ओला होता.

त्या दिवसापासून कुत्रीची तहान वाढत गेली ती वाढतच गेली. सकाळी भरलेली परात नाश्त्याला कोरडी. फुलदाणीतलं पाणी प्यायली, फुलं तशीच उभी. अंघोळीची बादली प्यायली. एकदा म्हणे भिंतीवरच्या कॅलेंडरातला धबधबा चाटत उभी होती. आणि प्यायलेलं जाणार कुठं? जिन्यात तळं, उंबऱ्यात तळं. पाद्रीबाबा, सगळे अबूना म्हणतात ते, धूप फिरवायला घरी आले तेव्हा त्यांच्या काळ्या झग्याच्या काठाशी तिनं आपला निवांत कार्यक्रम उरकला. अबूना भले माणूस. म्हणाले, "हरकत नाही, मुली, आमच्याकडेही पवित्र पाणी असतंच."

समोरच्या घरात हग्गा इन्शिराह राहायची. मक्केला जाऊन आलेली, जीभ मात्र इथंच ठेवून गेलेली. हे सगळं ती आपल्या गॅलरीतून पाहत होती. एक दिवस तिच्यानं राहवलं नाही.

"दमियाना! तुझी कुत्री पिते की समुद्राचं भाडं थकलंय तिच्याकडे?"

"ती नाही पीत, हग्गा."

"मग कोण पितंय? मी?"

"लबीब पितो."

इन्शिराह एरवी शब्दाला शब्द लावणारी. पण या वेळी ती खाली आली, परातीशी उकिडवी बसली. खर्रूबा पाणी पीत होती, डोळे अर्धे मिटून, दूरचं काहीतरी ऐकत असल्यासारखी. इन्शिराहनं बराच वेळ पाहिलं.

"आमच्यात सांगतात," ती हळूच म्हणाली, "तहानेल्या कुत्र्याला पाणी पाजलं तर पापं धुतली जातात." मग गुडघ्यांवर हात टेकत, "माझ्या आईला शेवटी शेवटी फार कोरड पडायची गं."

दुसऱ्या सकाळी परातीशेजारी एक मातीचं वाडगं आलं.

"हे तिचंच," इन्शिराहनं बजावलं. "घरात परत नेणार नाही. कुत्र्याचं उष्टं सात वेळा घासायचं असतं, आणि माझी कंबर तिसऱ्यालाच जाते."

खर्रूबानं आईचं वाडगं चाटूनपुसून साफ केलं. बातमी गल्लीत फिरली. मग कापडवाल्याच्या वडिलांचा टोप आला. शिंपिणीच्या जुळ्या बहिणीसाठी निळा पेला आला. कुणा बुडालेल्या कोळ्यासाठी शिंपला आला. संध्याकाळी गल्लीच्या कडेनं वाडग्यांची रांग लागायची, प्रत्येकात आकाशाचा एकेक तुकडा, आणि मधून ही बुटकी कुत्रीबाई सावकाश चालायची, सगळ्यांच्या घरचं थोडंथोडं घेत, पलीकडच्या गावाचं टपाल वाटणाऱ्यासारखी. लोक हातातलं काम सोडून उभे राहायचे. गल्लीच्या टोकाशी जहाजसुद्धा जरा दमानं जायचं, असं इन्शिराह शपथेवर सांगते, आणि तिची शपथ म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे.

दमियाना रोज दुपारी झोपायची, आणि लबीब यायचा. "अजून," म्हणायचा. ती ओतायची. नवरा जिवंत असताना इतका वेळेवर घरी येत नव्हता.

पण कुत्री बदलत चालली. पोट मडक्यासारखं गोल होऊन जमिनीला लागायला आलं. कुशीवरचे केस दोन्हीकडून सारखेच उडाले, खालची कातडी पातळ झाली, इतकी की आतल्या निळ्या शिरा नकाशासारख्या दिसायच्या. बसल्या जागी धाप लागायची. भूक म्हणाल तर शेजारणीनं गॅलरीत गार करायला ठेवलेला मासे-भाताचा अख्खा टोप एकदा गायब झाला, टोप तेवढा सापडला.

"पोटुशी आहे," इन्शिराह म्हणाली.

"या वयात?"

"आमच्या सारानं, पैगंबराच्या बायकोनं, नव्वदीत पोर काढलं. कुणाचं आहे ते विचार तिला."

"गप गं. अख्ख्या गल्लीचे मेलेले आहेत पोटात, फुगणार नाही तर काय?"

दोघी हसल्या. पण त्याच आठवड्यात खर्रूबा जिन्याच्या पहिल्या पायरीशी येऊन उभी राहिली आणि वर बघत राहिली. मागचे पाय उचलेनात. एकदा प्रयत्न केला, घसरली, आणि तिथंच बसली, लाजल्यासारखी. दमियानानं तिला उचललं. अंग लोण्यासारखं मऊ लागलं, आत काही घट्ट उरलंच नव्हतं.

"कालव्यापलीकडे, पोर्ट फुआदला जनावरांची डॉक्टरीण आहे," इन्शिराह म्हणाली. "उद्याच ने."

दमियानानं कुत्रीला छातीशी घट्ट धरलं.

"का गं?"

"आणि तिनं तहानच बंद केली तर?"

इन्शिराहनं तिच्याकडे पाहिलं. हा विचार तिच्याही मनात येऊन गेला होता, आई तिचीही होती. पण बाई हिशेबी.

"कुत्रीच मेली तर पाणी कोण नेणार, येडे? मग सगळेच कोरडे."

हे पटलं. दुसऱ्या दिवशी दमियाना खर्रूबाला चादरीत गुंडाळून फेरीबोटीत बसली. कालव्याच्या अलीकडे आफ्रिका, पलीकडे आशिया, मध्ये चहाचा एक घोट संपायच्या आत पोचवणारी बोट. समुद्रपक्षी बोटीबरोबर उडत होते, हातातली पोळी मागत होते. कुत्रीनं वाटेत बाटलीभर पाणी संपवलं.

डॉक्टर इनास तरुण होती, केसांत पेन खोचलेलं. तिनं खर्रूबाला टेबलावर घेतलं, पोट दाबलं, कातडी चिमटीत धरली, कुशीवरच्या उघड्या जागेवरून बोट फिरवलं.

दमियाना घाईघाईनं म्हणाली, "पायांचं औषध द्या, डॉक्टर. तहान तेवढी राहू द्या."

"तहान राहू द्या?"

"तिला हात लावू नका."

इनासनं पेन केसांतून काढलं, पुन्हा खोचलं. "तांत," मावशीला म्हणावं तसं ती म्हणाली, "तहान आणि पाय वेगळे नाहीत. एकाच झाडाची फळं आहेत. या आजाराला कुशिंग म्हणतात. आणि ही लांब कुत्री, हिच्या जातीत तो जास्तच. पूडल, बॉक्सर, काही छोटे टेरियर, आणि ह्या लांबोळ्या. वय उलटलं की पहिला संशय तिथंच जातो."

"म्हणजे लबीबनं लांबी घेतली तेव्हाच आजार पदरात पडला? कळलं असतं तर उशीऐवजी नुसता खजूर दिला असता."

इनास हसली. मग समजावून सांगायला लागली, लहान मुलांना गोष्ट सांगावी तसं. मेंदूच्या बुडाशी एक इवलीशी ग्रंथी असते. तिच्यावर मसुराच्या डाळीएवढी गाठ आली की ती बिथरते, ओरडत सुटते, अजून बनवा, अजून बनवा. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन ग्रंथी बसलेल्या, त्या बिचाऱ्या ऐकतात आणि रात्रंदिवस राबतात. बहुतेक कुत्र्यांमध्ये असंच होतं. कधी कधी गाठ त्या टोप्यांमध्येच असते.

"आणि बनवतात काय?"

"एक रस. जीवाला धोका आला, धावायचं झालं, की तो कामाला येतो. थोडा असला की जीव वाचवतो, फार झाला की जीवच खातो. भूक लावतो, तहान लावतो, मांस झिजवतो, पोट फुगवतो, केस पाडतो."

अजून बनवा, अजून. दमियानाच्या कानात होडीचं पाणी वाजलं. तिनं कुत्रीच्या डोक्यावर हात ठेवला. या हाडाच्या आत मसुराएवढा लबीब बसून ओरडतोय, असं तिला दिसलं.

इनासनं तपासणी केली. आधी रक्त घेतलं, मग एक सुई टोचली, त्या सुईनं ग्रंथींना हाक मारायची असते म्हणे, मग तासभर बसवून पुन्हा रक्त. बाहेर झाडाखाली दमियाना वाट बघत बसली, आणि मनातल्या मनात प्रार्थना करत होती, पण नेमकं काय मागायचं ते तिला ठरवता येईना.

निकाल आला तेव्हा ती पुन्हा कालवा ओलांडून गेली. इनासच्या कपाळावर आठी होती.

"विचित्रच आहे. गाठ असती तर हाक ऐकून ग्रंथी किंचाळल्या असत्या. हिच्या ग्रंथींनी कूससुद्धा बदलली नाही. झोपल्यात गाढ."

"झोपल्यात म्हणजे?"

"म्हणजे जातीचा दोष नाही, तांत. गाठही नाही. हा रस हिच्या अंगात बाहेरून येतोय. इतका येतोय, की आतल्यांनी म्हटलं, आता आपण कशाला राबायचं. कुणीतरी हिला औषध देतंय. गोळ्या? इंजेक्शन? कानात थेंब?"

"मी?" दमियाना भडकली. "मी माझ्या लेकराला पाण्याशिवाय काही देत नाही. आणि भात. आणि मासे. आणि सणाला थोडी बिस्किटं. औषध कुठलं! त्या येशूची शपथ..."

ती शपथ घेत होती आणि तिचे दोन्ही हात टेबलावर होते. खर्रूबा पडल्या पडल्या मान लांब करून तिचं मनगट चाटत होती. सावकाश, मन लावून, कोपरापर्यंत.

इनास बघत राहिली.

"हातांना काय लावता?"

दमियानानं पिशवीतून नळी काढून दिली. इनासनं त्यावरची बारीक अक्षरं वाचली आणि नळी हळूच टेबलावर ठेवली, ती झोपली असावी तशी.

"हेच," ती म्हणाली. "हाच तो रस, मलमात. माणसाच्या खाजेला चांगला, थोडे दिवस, थोडासा. ही रोज चाटते?"

"रोज."

"केव्हापासून?"

दमियानाच्या डोळ्यांपुढं वाडग्यांची अख्खी रांग उभी राहिली, भरलेली. मग ती म्हणाली, "म्हणजे तो प्यायलाच नाही?"

"कोण?"

"कुणी नाही."

इनासनं खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर बसली. काय झालंय ते तिला सगळं कळलं नाही, पण या बाईच्या हातून काहीतरी निसटतंय, एवढं कळलं. "हे बघा, ही वाचेल. मलम हिच्या तोंडाला लागता कामा नये, एवढंच. पण एकदम सगळं बंद केलं तर ही कोसळेल, आतल्या ग्रंथी अजून झोपेत आहेत ना. म्हणून तोच रस मी छोट्या गोळीत देते, चिमूटभर, आणि हळूहळू कमी करत जायचं. तोवर त्या जाग्या होतील. महिने लागतील. मग तहान जाईल, पोट उतरेल, केस येतील."

"तहान जाईलच?"

"जाईल."

"आणि मलम नाही थांबवलं तर?"

"तर ही जाईल."

परतीच्या बोटीत दमियानानं समुद्रपक्ष्यांना काही टाकलं नाही. घरी येऊन ती खिडकीत बसली. संध्याकाळ होत होती, तिचे हात खाजायला लागले होते, आणि खर्रूबा मांडीजवळ येऊन उभी होती, मान वर करून, जीभ किंचित बाहेर. नळी पिशवीत होती. चोपडायचं, आणि हात पुढे करायचा, एवढंच तर होतं. उद्या दुपारी होडी येईल. लबीब ओंजळ भरून पिईल. खोटं असेल, असेना. खोट्या पाण्यानंसुद्धा त्याचा गळा हलताना दिसला होता तिला. इस्पितळात खऱ्या पाण्यानं तेवढंही झालं नव्हतं.

खर्रूबानं मांडीवर चढायला पाय उचलला, तो वर येईना. तिनं दमियानाकडे पाहिलं. आता त्या नजरेत लबीब नव्हता. एक म्हातारी कुत्री होती फक्त, तिला मांडीवर यायचं होतं.

दमियाना उठली, खिडकीतून ओरडली, "इन्शिराह! वर ये, आणि हे घेऊन जा."

इन्शिराह धापा टाकत आली, सगळं ऐकलं, नळी उलटीपालटी करून पाहिली. "माझ्या गुडघ्याला चालेल?"

"टाक म्हणते ना!"

"टाकते, टाकते. ओरडतेस काय." मग जिन्यात थांबून, पाठमोरीच, "पण मग माझ्या आईचं काय गं?"

"मला काय विचारतेस," दमियाना म्हणाली. "मी माझ्याच माणसाला तहानलेला सोडतेय."

पुढचे दिवस वाईट गेले. दमियानानं लबीबच्या जुन्या सदऱ्याच्या बाह्या हातांवर चढवून बांधल्या आणि रात्रभर दात खाऊन खाज सोसली. कुत्रीला गोळी पनीरमध्ये लपवून द्यायची, कुत्री पनीर खाऊन गोळी थुंकायची, पुन्हा पनीर. गल्लीत कुजबुज झाली. शिंपीण दोन दिवस बोलली नाही. वाडग्यांत पाणी राहायला लागलं, मग वाडगी एकेक करून घरी गेली. आणि दुपारी दमियाना डोळे मिटून पडायची तेव्हा गल्ली कोरडी असायची. फरशा, ऊन, मांजर. होडी आली नाही. तिला वाटलं, आपण दुसऱ्यांदा विधवा झालो, आणि या वेळी आपल्याच हातानं.

कुत्री मात्र चोरपावलांनी परत येत होती. आधी धाप कमी झाली. मग पोट जमिनीपासून सुटलं. मग कुशीवर केस उगवले, मऊ, पिल्लाच्या अंगावर असतात तसे. एके सकाळी ती जिन्याची पहिली पायरी चढली आणि तिनं मागं वळून पाहिलं, बघितलंस का, म्हणून. त्याच दिवशी ती परातीपाशी गेली, चार घोट प्यायली, आणि उरलेल्या पाण्याकडे ढुंकूनही न बघता इन्शिराहच्या मांजरामागे पळाली. पळाली म्हणजे, तिच्या पायांनी जेवढं जमेल तेवढं. मांजर वाटेत अंग चाटायला थांबलं होतं.

हिवाळा आला तेव्हा इनासनं तिला शेवटचं बोलावलं. पुन्हा हाकेची सुई, पुन्हा रक्त.

"जाग्या झाल्या," इनास म्हणाली. "हाक मारली की ओ देतात. गोळी बंद. तुमचे हात कसे आहेत?"

"खाजतात. पण माझेच आहेत."

परतताना बोट भरलेली होती, सायकली, भाजीच्या जुड्या, शाळेच्या पोरी. दमियाना कठड्याशी उभी राहिली. खर्रूबा तिच्या हातावर झोपली होती, लांब अंग दोन्हीकडून लोंबकळत. घरून निघताना जुन्या सवयीनं तिनं पाण्याची मोठी बाटली बरोबर घेतली होती. जाताना कुत्रीनं मागितलं नाही, येतानाही नाही. बाटली भरलेलीच होती. दमियाना बराच वेळ तिच्याकडे बघत उभी राहिली. हे पाणी कुणाचं?

समोरून एक मोठं जहाज चाललं होतं, हळू, ढगासारखं. त्याच्या पोटाशी एक छोटी होडी चिकटली होती की नुसतीच सावली होती, धुक्यात कळेना.

तिनं झाकण काढलं, हात कठड्याबाहेर लांब केला, आणि बाटली उलटी केली.

"घे," ती मोठ्यानं म्हणाली. "पी. कुत्रीला मध्ये घालू नकोस, तिला तिचं आयुष्य आहे. गोडं पाणी आहे, नळाचं. इथं डॉक्टर नाहीत, मी पण अडवत नाही. पोट भरेपर्यंत पी, लबीब. आता कुणी घोट मोजत नाही."

पाणी गडगडत कालव्यात पडत राहिलं. शेजारी सायकल धरून उभा असलेला एक जण दचकला.

"अहो सित्त, समुद्रात पाणी ओतता? कमी आहे का तिथं?"

"नवऱ्याला पाजतेय."

तो माणूस पोर्ट सईदचाच होता. त्यानं कठड्यावरून खाली वाकून पाहिलं, मान डोलावली, आणि सायकलची घंटी उगाच एकदा वाजवली.

"काय म्हणतोय?"

दमियानानं बाटलीतला शेवटचा थेंब झटकला आणि कान देऊन ऐकलं. बोटीचं इंजिन, पोरींचं खिदळणं, पक्षी. "अजून" कुठंच नव्हतं.

"काही नाही म्हणत," ती म्हणाली. "पितोय."